पाचवा खडा

खेळाचे नियम तिनं स्वतःच केले होते, म्हणून ते मोडायची चोरी होती. दुसऱ्यानं घातलेलं कुंपण माणूस कधीतरी ओलांडतो. स्वतः आखलेली रेघ ओलांडायची तर आधी स्वतःलाच खोटं पाडावं लागतं.

पहाटे तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत पाच खडे तळहातावरून वर उडवायचे आणि हात उलटा करून पंजाच्या पाठीवर झेलायचे. जितके टिकतील तितका तो दिवस तिचा. एक टिकला तर मनातल्या मनात स्वतःला नावानं हाक मारायची: शैलश्री. दोन टिकले तर कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका लावायचा आणि त्यावरून भस्माचे पट्टे असे दाट ओढायचे की खालची लाली फक्त तिलाच ठाऊक राहावी. तिसऱ्या खड्याची एक हिरवी बांगडी होती, ती दिवसभर सदऱ्याच्या बाहीत दडून राही. चौथा टिकला की संध्याकाळी गोदामातून खोलीवर परतताना, रस्त्यावर चिटपाखरू नसेल तेवढ्या टप्प्यात, ती स्वतःच्या चालीनं चाले.

आणि पाचही टिकले तर अव्वाला, आईला, सांगायचं.

पाच कधी टिकले नव्हते.

घराला ती शरणबसव म्हणूनच माहीत होती. धोंडप्पांचा एकुलता मुलगा, बी.कॉम. झालेला, बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत पेंडीच्या गोदामावर आवक-जावक बघणारा. गल्ली त्याला शरणू म्हणे. या साऱ्या हाकांना ती ओ देई, जशी आपण रिकाम्या घरात शेजाऱ्याच्या वतीनं ओ देतो: ते नाहीत, पण निरोप ठेवा.

खडे मल्लेश्वरी अक्काचे. मांजरेच्या पात्रातून तिनं वेचून आणलेले, आवळ्याएवढे, गुळगुळीत, राखी रंगाचे. खेळायला जरा मोठेच. लहान हातावर चार मावत, पाचवा हमखास घरंगळे. अक्का आणि तिच्या मैत्रिणी उंबऱ्यात बसून खेळत, तेव्हा हे धाकटं भावंड त्यांच्यात घुसून बसायचं आणि त्यांच्याहून सफाईनं झेलायचं. एकदा अप्पांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी अक्कालाच विचारलं, “ह्येला कामून बसवून घेतलीस? उद्या मेंदीबी लावशील.” त्या दिवसापासून उंबऱ्यातली ती जागा बंद झाली. अक्का लग्न होऊन उदगीरला गेली तेव्हा खडे चंचीत घालून तसेच कोनाड्यात विसरून गेली. विसरून गेली की ठेवून गेली, हे शैलश्रीनं तिला कधी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं न मिळण्यातच त्यांचा ओलावा टिकतो.

यळवशीच्या चार दिवस आधी अप्पांचा फोन आला.

“सुट्टी टाक. आन दाढी करून ये. अफजलपूरचे अमृतप्पा यायलेत शेतात जेवायला, घरच्यासंगट. पोरगीबी यायलीय.”

“अप्पा, मी म्हणत होतो…”

“तुझं म्हणणं शेतातच म्हण. मी शब्द देलाय.”

यळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारी पोटऱ्यात असते, हरभरा घाट्यावर आलेला; भुई दिवसांत आहे असं मानतात आणि तिचे डोहाळे पुरवायला घरं भाज्या-शेंगांची भज्जी आणि ताक-पिठाची आंबील घेऊन तिच्याकडे जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. ज्याच्याकडे शेत नाही त्यालाही आग्रहानं बोलवायचं. त्या दिवशी कुणी कुणाला उपाशी जाऊ देत नाही. म्हणूनच सोयरिकीचा नकार द्यायला त्याच्याइतका वाईट दिवस नाही. भरल्या पंक्तीत नाही म्हणणं म्हणजे अन्नावर थुंकणं.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पेंडीच्या पोत्यांमधल्या अरुंद बोळात उभी राहिली. मग तिनं नियमात एक भर घातली. यळवशीच्या पहाटे, घरी, एकदाच. पाच टिकले तर अव्वाला सांगायचं आणि ही सोयरीक मोडायची. नाही टिकले तर मान खाली घालून होकार द्यायचा आणि खडे मांजरेत सोडून यायचे. कौल एकदाचा लागावा. असल्या वेळी माणसाला न्याय नको असतो, निकाल हवा असतो.

ती आदल्या संध्याकाळी घरी पोचली, तेव्हा उदगीरहून यायची म्हणालेली अक्का आली नव्हती. सासरची यळवस सोडून कशी येणार? अव्वा एकटीच चुलीपाशी शेंगा सोलत होती. तिनं लेकराकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, “वाळलास.” तेवढंच. शैलश्रीनं पिशवी कोनाड्याखाली ठेवली, चंची उशाला घेतली आणि आडवी झाली.

पहाटे जाग आली ती चंचीत हात घालूनच. चंची रिकामी होती.

तिनं पांघरूण झटकलं, पिशवी उलटी केली, कोनाडा चाचपला. तोंडातून पहिला शब्द काढायचा नव्हता, पण काढावा लागला.

“अव्वा, चंचीतले खडे?”

अव्वा बाजरीच्या पिठाचे उंडे वळत होती. मान वर न करता बोलली, “अप्पानं नेले. पांडव गेले न्हाईत का आपले. ट्रॅक्टरवाल्यानं बांध फोडला, त्येच्याखाली दबले. अप्पा अंधारात दगड हुडकत बसणार? मीच म्हटलं, हे घ्या, गोल हायत, एकसारखे हायत.”

“ते माझे होते.”

“खडेच की ते, शरणू. पोरखेळ.” तिनं उंडा ताटात ठेवला. “आता देव झाले. चांगलंच झालं की.”

शैलश्री उभी राहिली. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता, हे बरंच होतं.

शेतात पोचेपर्यंत ऊन अंगावर आलं होतं. कोप उभी होती. पेंढ्यांवर अव्वाचं जुनं हिरवं इरकल लुगडं पांघरलेलं. आत, ओल्या मातीच्या चौथऱ्यावर, तिचे पाच खडे. चुन्यात बुडवून काढलेले, पांढरेफटक, प्रत्येकाच्या कपाळी काव. एका रांगेत पाच पुरुष. तिच्या मुठीत रोज ऊब धरणारी ती राखी, मवाळ वजनं आता कुणाची तरी दैवतं होऊन तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहत होती. आपल्याला लहानपणी असंच रंगवून कुठल्याशा रांगेत बसवलं होतं, असं तिच्या मनात आलं. आणि रंगवणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती, द्वेष नव्हता. त्यामुळे तर कुणावर रागावताही येत नव्हतं.

अमृतप्पा आले ते जीपमधून उतरतानाच बोलत आले. “धोंडप्पाअण्णा, शेत हाय का बाग हाय? आमच्याकडं निस्ता ऊस. ऊस बघून बघून डोळे चिकट झाले बघा!” मोठ्या पोटाचा, मोठ्या मनाचा माणूस. पंक्तीत त्यांनी शैलश्रीच्या पानात स्वतः भज्जी वाढली. “घ्या की जावईबापू. का कोळारच्या खाणावळीचं पाणीदार वरणच गोड लागायलंय?”

“अजून जावई झाला न्हाई,” अव्वा पाठमोरी म्हणाली.

“होतोय की वैनी! भज्जी खाल्ली म्हंजे अर्धा झालाच.” सगळे हसले. “काय ओ, पोरगं बोलत न्हाई तुमचं? बोलायला बी टपाल टाकावं लागतं काय?”

“लाजतोय,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. लाजेचा इतका चुकीचा अर्थ लावणारं प्रेम तिनं दुसरं पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर मोठ्यांनी दोघांना हरभऱ्याच्या वावराकडे पिटाळलं. मुलीचं नाव भुवनेश्वरी. ती घाटे तोडून ओच्यात टाकत होती आणि खातही होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आली होती.

“तुमाला मी पसंत हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई,” ती एकदम म्हणाली. “मला तर कुणी इचारलंच न्हाई.”

“मलाबी न्हाई.”

भुवनेश्वरीनं वर पाहिलं, आणि हसली. खरंखुरं, दात दाखवून. “मग आपलं जमंल म्हणायचं.” तिनं मूठभर सोललेले घाटे पुढे केले. शैलश्रीनं हात पसरला. तळहातावर हिरवे दाणे पडले. आंबट, कोवळे. याच हातानं उद्या हिचं आयुष्य गाडायचं आहे, या विचारानं तिनं उरलेले दाणे मुठीतच मिटून घेतले. स्वतःसाठी मरणं तिला जमलं असतं. सरावच होता. पण या हसण्याला आपल्या शेजारी पुरायचं?

ऊन कलल्यावर आंबील शिंपडायची वेळ झाली. आंबिलाचं मडकं घरच्या मुलानं घोंगडीची खोळ घेऊन डोक्यावर धरायचं, बापानं पुढे ज्वारीच्या पानांनी आंबील उडवत शेताला फेरी घालायची. अप्पा मोकळ्या गळ्यानं आरोळी देत होते, “ओलगे… ओलगे!” आणि अमृतप्पा, गडी, शेजारच्या वावरातली माणसं मागून साद देत होती. त्या आरोळीत पाची पांडवांमागून सहावीचंही, द्रौपदीचंही, नाव येतं. शैलश्रीनं ते दरवर्षी ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच ध्यानात आलं की कोपीत दगड मात्र पाचच असतात. सहावीला आरोळीत जागा आहे, मातीवर नाही. मडक्यातली आंबील हिंदकळून तिच्या कपाळावरून ओघळली, भस्म धुपलं. खाली आज ठिपका नव्हता. फेरी कोपीपाशी संपली तेव्हा अप्पांनी उरलेली आंबील खड्यांवर ओतली.

“अण्णा,” अमृतप्पा हात धुताना म्हणाले, “पौर्णिमेला साखरपुडा उरकू. पुढं-मागं कशाला?”

“उरकू,” अप्पा म्हणाले. त्यांनी लेकराकडे पाहिलंही नाही. आपल्या हाताकडे कुणी परवानगीसाठी पाहत नाही.

पाहुण्यांना जीपपर्यंत पोचवायला अप्पा सडकेला गेले. गडी माणसं गवताचे हेंडगे वळू लागली; अंधार पडला की ते पेटवून बांधाबांधानं पळायचं. अव्वा विहिरीच्या थारोळ्यात भांडी घासत होती. शैलश्री कोपीत शिरली.

आत आंबिलाचा आंबूस वास होता. ती गुडघ्यांवर बसली. देवाला उष्ट्या हातानं शिवू नये, मांडलेला देव हलवू नये, हे तिला कळत होतं; आणि पौर्णिमेनंतर कळण्याला काही अर्थ राहणार नव्हता. तिनं एकेक खडा उचलून तळहातावर घेतला. ताक, पीठ, ओला चुना. सगळं बुळबुळीत न राहता आता घट्ट, चिकट झालं होतं. पहाटेचा डाव तिला संध्याकाळी मिळत होता. तिनं खडे उडवले आणि हात उलटा केला.

पाचही बसले.

ती वाट पाहत राहिली. पाचवा अंगठ्याच्या बाजूला, नेहमीच्या जागी, अगदी कडेला होता. आता घरंगळेल. तो चिकटून राहिला. आणि तेव्हा, त्या स्तब्धतेत, तिला आपल्या मनगटाची एक हालचाल जाणवली. अंगठ्याच्या बाजूनं अलगद, कुणाला दिसणार नाही इतकी तिरपी होत जाणारी. मनगट आपल्या सवयीनं पाचवा खडा पाडायला निघालं होतं.

म्हणजे तो पडत नव्हता. इतकी वर्षं ती त्याला पाडत होती.

तिला हसू आलं की हुंदका, हे सांगता येणार नाही. जिला ती नशीब म्हणत होती ती आपलीच भीती होती. रोज पहाटे उठून, न चुकता, कामावर हजर होणारी.

“पाची ऱ्हायले?”

कोपीच्या तोंडाशी अव्वा उभी होती. हातात घासलेलं पातेलं, कोपरापर्यंत राख. शैलश्रीनं हात खाली केला नाही.

“तुला काय म्हाईत पाचीचं?”

“भिताडापल्याड निजते मी,” अव्वा आत येऊन बसली. “तू घरी असलास की पहाटं आवाज यायचा. येक खडा पडल्याचा. येकच. तू कायतरी ठरवायलास, येवढं कळायचं. काय, ते न्हाई. पण त्यो पडला की मी म्हणायची, आजच्यापुरती सुटले. काल इचार केला, देवाच्या जागी बसवले तर खेळच सुटंल.”

“अव्वा, मी तुझा ल्योक न्हाई. लेक हाय. पैल्यापासून.”

बाहेर कुणीतरी हेंडग्यासाठी काडेपेटी मागत होतं. अव्वानं पातेलं मांडीवर पालथं घातलं, त्याच्या बुडाला राहिलेला काळा डाग नखानं खरवडला. डाग निघाला नाही.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. मग पातेलं बाजूला सारून, “पण म्या ऐकलं न्हाई. ध्यानात ठेव. ऐकलं म्हटलं तर अप्पाला सांगावं लागंल. आन अप्पा…” अप्पा रागानं काही करतील याचं तिला भय नव्हतं. ते काहीच करणार नाहीत, शेतात येऊन एका जागी बसतील आणि उठणार नाहीत, याचं होतं. दोघींनाही ते कळलं.

“त्या पोरीला फसवू नगं, अव्वा.”

“न्हाई फसवत.” अव्वाचा आवाज एकाएकी कोरडा, हिशेबी, घर चालवणारा झाला. “अमृतप्पाच्या बायकोला सांगते, पोराला फेफरं येतंय, आमी लपवलतं. मग कुणीच पोरगी देणार न्हाई, कवाच. अप्पाच्या शिव्या मी खाईन. पर तू…”

“मी काय?”

“तू येऊ नगंस. घरी दिसलास की लोक इचारतेत, औषध काय, डॉक्टर कोण. अप्पा तुला गावोगाव दाखवत हिंडंल. येक दिस तुझ्या तोंडून निघंल.” तिनं पदरानं नाक पुसलं. “कोळारात ऱ्हा. कसं ऱ्हायचं तसं ऱ्हा. मला बघाया लावू नगं.”

“यळवशीलाबी न्हाई?”

“यळवशीलाबी न्हाई.”

तिनं मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. अव्वाला सांगून झालं, सोयरीक मोडली, भुवनेश्वरी सुटली. डाव जिंकल्यावर घर हरायचं असतं, हा नियम तेवढा तिनं लिहिला नव्हता. तिनं खडे मुठीत घेतले आणि उठली.

अव्वानं तिचं मनगट धरलं. “देव उचलून नेतेत व्हय?”

“माझे हायत.”

“म्हणूनच म्हणायले.” तिनं पकड सोडली नाही. “हितं ऱ्हाऊ दे. तू न्हाईस, ते तर ऱ्हातील. दरसाल चुना लावीन त्यास्नी.”

शैलश्रीनं पाचही खडे पुन्हा मातीवर मांडले. नीट, एका रांगेत. पाचवा ठेवताना बोट क्षणभर त्याच्यावर राहिलं. मग अव्वा बाहेर गेली आणि कोपीबाहेरून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “शरणू! आवर बाबा, चिटगुप्प्याची जीप चुकंल!”

चिटगुप्प्याहून पुढची बस भरलेली होती. यळवशीहून परतणारी माणसं, मांडीवर भज्जीचे डबे, कडेवर पेंगलेली पोरं. खिडकीतून दोन्ही बाजूंच्या शिवारांत हेंडगे पळताना दिसत होते. दुरून माणसं दिसत नव्हती, नुसती आग बांधाबांधानं धावत होती आणि विझत होती. तिचा उजवा हात मांडीवर पालथा होता. त्याच्या पाठीवर चुना वाळून तडकला होता. खड्डा आला की ती नकळत हात समतोल धरी, काही पडू नये म्हणून. हातावर काही नव्हतं.

दुसऱ्या पहाटे कोळारच्या खोलीत तिला सवयीनं जाग आली. उशाखाली चंची सपाट पडली होती. कौल मागायला काही उरलं नव्हतं. ती उठली, तोंड धुतलं, हाताच्या पाठीवरचा चुना मात्र धुतला नाही. फुटक्या आरशात पाहून कपाळावर कुंकवाचा ठिपका लावला आणि भस्माच्या डबीकडे हात नेला.

तो हात तिथेच थांबला. धीर आला म्हणून नव्हे. ज्या घरापासून हा ठिपका लपवायचा होता ते घरच राहिलं नव्हतं.

तिनं डबीचं झाकण लावलं. दूर गोदामाचं शटर वर जाण्याचा खडखडाट झाला, आणि रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली: शरणबसव. ती दाराशी गेली, कडी काढली, आणि ओ न देता बाहेर पडली.